मातांचा त्राता

घरात मूल जन्माला येणे हा केवढा आनंदाचा प्रसंग! परंतु सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठ्या रुग्णालयांत या आनंदाचे रूपांतर वारंवार शोकात होत असे. बाळंतपणानंतर दोनतीन दिवसांत मातेला सडकून ताप भरे, पोटात असह्य वेदना होत आणि थोड्याच दिवसांत ती तान्ह्या बाळाला पोरके करून जाई. या रोगाला सूतिकाज्वर म्हणतात. ज्याने त्याला आळा घालण्याचा मार्ग दाखविला, त्या इग्नाझ सेमेलवाइसचे हे चरित्र आहे.

सेमेलवाइसचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरात एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. कायद्याच्या अभ्यासासाठी तो व्हिएन्नास गेला. पण तेथे त्याचे मन वैद्यकशास्त्राकडे ओढले गेले. १८४४ साली तो डॉक्टर झाला व १८४६ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिविभागात साहाय्यक म्हणून काम पाहू लागला.

तेथे प्रसूतीचे दोन कक्ष होते. पहिल्या कक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या कक्षात शंभरांपैकी ११ हून अधिक माता दगावल्या. दुसऱ्या कक्षात हे प्रमाण तिनाहूनही कमी होते. ही गोष्ट शहरात सर्वांना ठाऊक होती. गोरगरीब स्त्रिया पहिल्या कक्षात नेऊ नये म्हणून गुडघे टेकून विनवीत. त्यांचा तो आकांत पाहून सेमेलवाइसचे अंतःकरण पिळवटून निघे.

असे का व्हावे? लोक दूषित हवेला दोष देत. पण दोन्ही कक्षांची हवा एकच होती. कोणी गर्दीचे कारण सांगत. पण गर्दी तर दुसऱ्या कक्षातच अधिक असे. रुग्णालयात येताना वाटेतच बाळंत झालेल्या स्त्रियांनाही हा ज्वर क्वचितच होई. सेमेलवाइसने एकेक कारण तपासले आणि बाजूस सारले.

मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेत्श्का यांचे निधन झाले. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या मृतदेहाच्या तपासणीचा वृत्तांत वाचताना सेमेलवाइस चमकला. सूतिकाज्वराने मेलेल्या मातांच्या शरीरात जे बिघाड आढळत, तेच येथेही होते! त्याच्या मनात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत. साबणाने हात धुतले तरी हाताची दुर्गंधी जात नसे. सुइणी मात्र शवविच्छेदन करीत नसत. रोगाचे विष डॉक्टरांच्या हातांवाटेच मातांपर्यंत पोहोचत होते.

हे सत्य मोठे कटू होते. सेमेलवाइस स्वतः अत्यंत तळमळीने शवविच्छेदन करीत असे. ज्या मातांना वाचविण्यासाठी तो रात्रंदिवस झटला, त्यांतील कित्येकींना आपल्याच हातांनी मृत्यू आला, हे त्याला उमगले. तरीही त्याने ते दडविले नाही. मे १८४७ मध्ये त्याने नियम केला, की विरंजक चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावाचून कोणीही प्रसूतिकक्षात रुग्णास स्पर्श करू नये. एप्रिलमध्ये शंभरांपैकी १८ माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण सुमारे दोनवर आले. पुढील वर्षी मार्च व ऑगस्ट या महिन्यांत तर एकही माता दगावली नाही.

इतके होऊनही अनेक नामांकित डॉक्टरांना हा शोध मानवला नाही. आपलेच हात मृत्यूस कारण होतात, हे कबूल करणे त्यांना जड गेले. रोगजंतूंचे ज्ञानही तेव्हा झालेले नव्हते. सेमेलवाइसनेही आपला ग्रंथ फार उशिरा, १८६१ साली प्रसिद्ध केला आणि विरोधकांना जहाल पत्रे लिहून दुखविले. १८४९ साली त्याची व्हिएन्नातील नेमणूक संपली. ती पुढे चालू ठेवण्यात आली नाही. १८५० साली तो मायदेशी पेस्ट येथे परतला. तेथील सेंट रोकस रुग्णालयात त्याच्या देखरेखीखाली सहा वर्षांत ९३३ प्रसूती झाल्या. त्यांत सूतिकाज्वराने अवघ्या ८ माता दगावल्या.

अखेरीस त्याचे मनःस्वास्थ्य ढळले. १८६५ साली त्याला व्हिएन्नातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे जखमेतील विष रक्तात भिनून १३ ऑगस्ट रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचा अंत झाला. ज्या विषाशी तो जन्मभर झुंजला, त्यासारख्याच विषाने त्याचा बळी घेतला.

पुढे १८७९ साली लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले आणि सेमेलवाइसचे म्हणणे जगाला पटले. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठास १९६९ साली त्याचे नाव देण्यात आले. आज जगात कोठेही रुग्णास हात लावण्यापूर्वी डॉक्टर व परिचारिका आपले हात स्वच्छ करतात. या साध्या सवयीमागे एका सत्यनिष्ठ पुरुषाचे केवढे दुःख व केवढे धैर्य आहे!