धर्मानंद कोसंबी : श्रद्धा आणि विवेक

धर्मग्रंथ वाचीत असता त्यातील एखादी कथा बुद्धीला पटत नाही, आणि तसे म्हणावे तर श्रद्धेचा द्रोह झाल्यासारखे वाटते. अशा वेळी आम्हांस धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण होते.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोमंतकातील साखवाळ गावी झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच. 'बालबोधमेवा' मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घेण्याचा त्यांना ध्यास लागला. १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा खडतर प्रवास करून १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे व पुढे ब्रह्मदेशात त्यांनी पाली ग्रंथांचे अध्ययन केले.

वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोपर्यंत म्हातारा माणूस पाहिलाच नसेल काय? धर्मानंदांनी याचे उत्तर त्रिपिटकातच शोधले. दीघनिकायात ही कथा गौतमाची नसून विपस्सी नामक पूर्वीच्या बुद्धाची आहे. मज्झिमनिकायाप्रमाणे आईबाप रडत असता, त्यांच्या देखतच गौतमाने घर सोडले. सुत्तनिपातात माणसांनी एकमेकांविरुद्ध शस्त्र धरलेले पाहून त्याला वैराग्य आले असे सांगितले आहे. यावरून, रोहिणी नदीच्या पाण्यासाठी शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला कलह हे गृहत्यागाचे कारण असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात ही चिकित्सा आढळते.

ज्या महापुरुषासाठी त्यांनी घरदार सोडले, त्याच्याच चरित्रातील अतिप्रिय कथा आपल्या हाताने बाजूस सारणे त्यांना सोपे गेले असेल, असे आम्हांस वाटत नाही. पण कथा गेली तरी बुद्ध गेला नाही. उलट, भावंडांतील रक्तपात टाळण्यासाठी सर्वस्व सोडणारा बुद्ध त्यांना अधिकच जवळचा झाला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे उपोषण करून त्यांनी शांतपणे देह ठेवला, तोवर ती निष्ठा ढळली नाही.

शंका आली म्हणून त्यांनी ग्रंथ मिटला नाही. तो अधिक लक्षपूर्वक वाचला. पोथी उघडताना आपणही एवढे करावे, असे आम्हांस वाटते.