बिशप लास कासास : दुसऱ्यांना आणि स्वतःलाही जाब विचारणारे धर्मगुरू



गुलामांचा व्यापार बंद झाला म्हटले की १८०७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने केलेला कायदा आपल्याला आठवतो. पण त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी एका कॅथलिक धर्मगुरूंनी हा व्यापार अन्यायाचा आहे, असे लिहून ठेवले होते. त्यांचे नाव बार्तोलोमे दे लास कासास.

त्यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. १५०२ साली ते वडिलांबरोबर हिस्पॅनिओला बेटावर गेले. आज तेथे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे देश आहेत. तेथील मूळ रहिवासी स्पॅनिश लोकांना वाटून दिले जात. शेतात आणि सोन्याच्या खाणीत राबून ही माणसे मरत होती. लास कासास यांनाही जमीन आणि माणसे मिळाली. पुढे गुरुदीक्षा झाली तरी त्यांनी ती सोडली नाहीत. याच कारणावरून एका डोमिनिकन फादरांनी त्यांना पापक्षमा नाकारली. तरीही त्यांचे डोळे उघडले नाहीत.

१५१४ साली ते क्युबात होते. पेन्टेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना बेन सिराच्या ग्रंथातील ३४ वा अध्याय त्यांच्या वाचनात आला. गरिबाला लुबाडून आणलेले अर्पण देवाला मान्य नाही, हा त्याचा आशय. आपण वेदीवर काय अर्पण करत आहोत, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्यांनी आपल्याकडची माणसे गव्हर्नरकडे परत केली आणि १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, प्रवचनातून ते जाहीर केले. पुढील पन्नास वर्षे त्यांनी मूळ रहिवाशांसाठी राजदरबारी दाद मागितली. पुढे ते डोमिनिकन संघात गेले. १५४२ च्या नव्या कायद्यांनी मूळ रहिवाशांना गुलाम करण्यावर बंदी आली, त्यामागे त्यांचे मोठे श्रम होते. चियापासचे बिशप झाल्यावर, गुलाम मोकळे न करणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये, असा हुकूम त्यांनी काढला. लोक खवळले आणि त्यांना स्पेनला परतावे लागले.

पण या थोर माणसाच्या हातून एक भयंकर चूक झाली होती. मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून १५१६ च्या सुमारास त्यांनी राजाला सुचवले की, त्यांच्याऐवजी कामाला गुलाम आणू द्यावेत, त्यात आफ्रिकेतील काळे गुलामही असावेत. हा व्यापार त्यांच्या आधीच सुरू झाला होता, तरी त्यांच्या शब्दाने त्याला बळ मिळाले. एकाचे अश्रू पुसताना दुसऱ्याच्या गळ्यात साखळी पडली.

पुढे पोर्तुगीजांनी आफ्रिकेत माणसे कशी पकडली, याचे वृत्तांत त्यांनी वाचले. तेव्हा त्यांना कळले की आफ्रिकी माणसाची गुलामीही तितकीच अन्यायाची आहे. हे त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात लिहिले. अजाणतेपणी आणि चांगल्या हेतूने सल्ला दिला, एवढ्यावर देव आपल्याला माफ करील की नाही, याची त्यांना खात्री वाटत नव्हती. तेही त्यांनी लिहून ठेवले. १५६६ साली माद्रिद येथे ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यांचा तो ग्रंथ १८७५ साली छापला गेला. दरम्यान १८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला. तोवर लाखो माणसे जहाजांतून नेली गेली होती.

दुसऱ्याचा अन्याय आपल्याला चटकन दिसतो, आपला सल्ला कोणाला भोवला ते दिसत नाही. आपल्या घरी, शेतावर, दुकानात राबणाऱ्यांना आपण न्याय्य मजुरी देतो का? या रविवारी अर्पणाच्या वेळी हा प्रश्न आपण स्वतःला विचारू या. उत्तर बोचले, तर बिशप लास कासास यांच्याप्रमाणे ते न लपवता मान्य करण्याचे धैर्य प्रभूकडे मागू या.