विश्लेषण : मिनिटभराची कुस्ती ते मोबाइलवरचे हायलाइट्स… सावेदादा कोण होते?

मालवणच्या किनाऱ्यावरून पहाटे होडी लोटणारा तरुण रात्री उशिरा सुरू होणारा युरोपातला फुटबॉल सामना जागून पाहू शकत नाही. मासळी उतरवून झाली की तो मोबाइलवर त्याच सामन्याचे दहा मिनिटांचे हायलाइट्स पाहतो. ही सवय आपल्याला टीव्हीने लावली. मात्र रंगलेली लढत मिनिटभरात बसवून पडद्यावर दाखवण्याचे काम भारतात १८९९ मध्येच झाले होते. ते करणारा माणूस मराठी होता.

सावेदादा कोण होते?

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा जन्म १५ मार्च १८६८ चा. ओळख मात्र सावेदादा या नावाने. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते आणि मुंबईत त्यांचा स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंची हलती चित्रे एक रुपया तिकिटात दाखवली गेली. या नव्या खेळाने सावेदादांना झपाटले. त्यांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला. तेव्हाच्या दराने ही रक्कम साधारण ३३० रुपये होते.

पहिले चित्रीकरण कशाचे?

कुस्तीचे. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची लढत सावेदादांनी टिपली. भारतीयाने केलेल्या पहिल्या चित्रीकरणांत तिची गणना होते. फीत धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली. ती परतल्यावर लोकांनी ही लढत पडद्यावर पाहिली.

कुस्ती मिनिटात कशी बसली?

इथे तंत्र समजून घ्यावे लागेल. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चित्रे बसतात. हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण १६ चित्रे घेतली, तर एका सेकंदाला एक फूट फीत संपते. त्या काळच्या फिती साधारण पन्नास-पाऊणशे फुटांच्या असत. म्हणजे मिनिट-सव्वा मिनिटात खेळ खलास! दांडा कधी फिरवायचा, हे डोळ्यांसमोर लढत चालू असतानाच ठरवायचे. आज आपण आधी सगळे रेकॉर्ड करतो आणि नंतर कापतो. तेव्हा निवड आधी करावी लागे. जो डाव हुकला, तो प्रेक्षकांसाठी झालाच नाही.

पुढे हेच टीव्हीवर कसे आले?

अमेरिकेत ओव्हरकोट विकणारे एड सेबल यांनी ३० डिसेंबर १९६२ च्या व्यावसायिक फुटबॉल अंतिम सामन्याचे चित्रीकरण करून २८ मिनिटांची फिल्म केली. त्यातूनच एनएफएल फिल्म्स ही संस्था उभी राहिली. तिथल्या फुटबॉलचा सामना तीन तास चालतो, पण चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम ११ मिनिटे. त्यामुळे मधली थांबाथांब काढून सामना पुन्हा दाखवणारे कार्यक्रम तिथे चालले. ब्रिटनमध्ये बीबीसीचा मॅच ऑफ द डे २२ ऑगस्ट १९६४ रोजी सुरू झाला. पहिल्याच दिवशी लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ ने हरवल्याचा सामना थोडक्यात दाखवला गेला.

सावेदादांनी पुढे काय केले?

केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये परतले. कोकणातल्या मुर्डीच्या या सुपुत्राचे मुंबईत झालेले स्वागत सावेदादांनी टिपले. भारतातला पहिला वृत्तपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रीकरण केले. पुढे मात्र त्यांनी कॅमेरा विकला आणि मुंबईचे गेटी थिएटर चालवायला घेतले. हेच पुढचे कॅपिटॉल. चित्रे घेणारा माणूस चित्रे दाखवण्याच्या धंद्यात रमला. २० फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. दिल्लीत टीव्हीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले १५ सप्टेंबर १९५९ रोजी. त्यांना टीव्ही पाहता आला नाही, तो दीड वर्षाने हुकला.

ती कुस्ती आज पाहता येते का?

नाही. त्यांची ती फीत आज उपलब्ध नाही. त्या काळच्या नायट्रेट फिती चटकन पेट घेत आणि नीट न जपल्यास कुजून जात. पैलवानांची नावे उरली, जागा आणि साल उरले; डाव गेला.

हा प्रश्न फक्त १८९९ चा नाही. गावच्या मैदानावरची कबड्डी किंवा क्रिकेटची फायनल आज आपण मोबाइलवर टिपतो, त्यातले तीस सेकंद स्टेटसला ठेवतो आणि जागा भरली म्हणून मूळ व्हिडिओ डिलीट करतो. चोवीस तासांनी स्टेटसही जाते. सावेदादांकडे फीत मिनिटभराचीच होती, आपल्याकडे ती अडचण नाही. पुढच्या वेळी डिलीटचे बटण दाबण्याआधी मूळ व्हिडिओची एक प्रत कुठे तरी ठेवून द्या.