हिशेबनीस कुमारप्पा
(द्वितीय वर्ष, कला)

लंडनला हिशेबतपासनीस झालेला, मुंबईत व्यवसाय थाटलेला आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला माणूस आपल्या शेजारच्या वर्ध्यात येऊन घाणी आणि हातकागद यांचा हिशेब मांडत बसला. ते जे. सी. कुमारप्पा.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. कोलंबिया विद्यापीठात राजस्वाचा अभ्यास करताना आपल्या देशाच्या दारिद्र्याचे मूळ त्यांना परकी कारभारात दिसले. १९२९ साली साबरमतीला गांधीजी भेटले आणि आयुष्याची दिशाच बदलली. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधी सांभाळताना त्यांनी गांधीजींच्या मंडळींसाठीही नियम वाकवला नाही, असे सांगतात.

त्याच वर्षाअखेर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तेथील उद्योगांत हातकागदही होता.

आमच्याकडे धुऱ्यावर अंबाडी पेरतात. तिच्या सालीचा तंतू लांब नि चिवट, म्हणून दोर होतो. मजबूत कागदाचे मर्मही तेच. काड्या पाण्यात कुजवून साल सोडवायची, तुकडे करून चुन्यात मुरवायची, कुटायची, धुवायची. हा लगदा हौदात कालवून चाळणीवर उचलला की ताव बनतो. तो दाबून, वाळवून, खळ लावून घोटायचा. कुटून फुललेले लांब तंतू एकमेकांत गुंततात, म्हणून असा कागद सहजी फाटत नाही.

हातकागद गिरणीच्या कागदापेक्षा महाग पडे. पण कुमारप्पा किमतीबरोबर आणखी एक रकाना मांडत: दिलेला पैसा कोणाच्या हाती जातो? त्यांची ग्रामोद्योग पत्रिका हातकागदावरच छापली जाई. कोळसा आणि खनिज तेल संपणारे साठे आहेत, पीक मात्र पुन्हा उगवते, हा विचार त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात मांडला.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मद्रासला त्यांचे निधन झाले.

माझ्या घरात सारे दोर वळणारे. वहीवर लिहिणारा मी पहिलाच. आपल्या जिल्ह्यातला कापूस बाहेर जातो आणि त्याचेच कापड आपण विकत आणतो. धुऱ्यावरच्या अंबाडीतून दोर निघतो तसा कागदही निघू शकतो, पण कागदही आपण विकतच आणतो. कुमारप्पांचा तो रकाना आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांनी आता स्वतः भरून पाहायला हवा. तेवढे शिक्षण तर आम्हाला मिळाले आहे.