उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या दिगंबर जैन समाजातील दोशी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. कापसाचा व्यापार व सावकारी हा घराण्याचा परंपरागत व्यवसाय होता. पेढीवर बसून सुखाने आयुष्य घालविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांचे मन त्यात रमले नाही.

रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. फाटकांकडे कामाची माहिती होती, तर वालचंदांकडे घराण्याची पत. बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून 'फाटक-वालचंद' या नावाचा दबदबा वाढत गेला. आपल्यापाशी जे नाही ते योग्य सहकाऱ्यात शोधावे, हे उद्योगाचे पहिले सूत्र त्यांनी येथेच आत्मसात केले.

१९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेतली गेली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. परंतु बोट मिळाली म्हणजे धंदा मिळाला असे नव्हे. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडे उतरवून नव्या कंपनीची कोंडी केली. अखेर १९२३ मध्ये सिंदियाला केवळ किनारी वाहतुकीपुरते मर्यादित ठेवणारा दहा वर्षांचा करार करावा लागला. हा करार शेठजींच्या मनाला सलत राहिला; तथापि कंपनी जगली, म्हणूनच पुढे वाढू शकली. 'लॉयल्टी'च्या त्या प्रस्थानाचा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पुढे रावळगाव व वालचंदनगर येथील माळरानांवर ऊस व साखर उद्योग बहरला. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे विमान कारखाना उभा राहिला. १९४२ मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. विशाखापट्टणमच्या गोदीतून 'जलउषा' हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी स्वतंत्र भारताच्या पाण्यात उतरले.

८ एप्रिल १९५३ रोजी शेठजींचे निधन झाले. भांडवल, माहिती व सहकारी ही उद्योगाची साधने होत. परंतु अपयश व तडजोड पचवून पुन्हा उभे राहण्याची जिद्द हाच त्याचा प्राण होय. नव्या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या तरुणांना शेठजींचे जीवन हीच शिकवण देते. या थोर उद्योगपुरुषाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!