अर्धवट राहिलेली टर्म

मी भोर तालुक्यातल्या आंबवड्याचा. होस्टेलवर गावाचं नाव सांगितलं की कुणीतरी विचारतंच, म्हणजे बाबासाहेबांचं गाव का? नाही मित्रांनो, ते आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. आमच्याकडे कान्होजी जेध्यांची समाधी आहे. पण या गोंधळापायीच मी डॉ. आंबेडकरांचे परदेशातले विद्यार्थीदिवस वाचून काढले.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला पोचले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. बडोद्यात मोठी नोकरी मिळाली, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना.

हाती उरली होती ती एकच गोष्ट, चार वर्षांत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी. एस्सी. मिळवली.

एक्स्चेंजचं एक सेमिस्टर हुकलं की आपण सगळं संपलं म्हणतो. त्यांची तर तीन वर्षं हुकली होती, तरी अभ्यास त्यांनी पुरा करूनच दाखवला.