खाशाबांचे ऋण

१९८४ च्या ऑगस्ट महिन्यात भारतीय क्रीडारसिक एका हुकलेल्या पदकाचे दुःख करीत होते. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा हिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले आणि १२ ऑगस्टला स्पर्धा संपल्या तेव्हा भारताच्या पदरी एकही पदक नव्हते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ ऑगस्टला, ज्यांनी ३२ वर्षांपूर्वी तेच कांस्यपदक देशाला मिळवून दिले होते ते खाशाबा दादासाहेब जाधव रस्त्यावरील अपघातात मृत्युमुखी पडले. हुकलेल्या पदकाइतका शोक मिळालेल्या पदकाच्या मानकऱ्याच्या वाट्याला आला नाही.

सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल होते. जुन्नरच्या आणे पठारापासून कृष्णाकाठापर्यंत गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा आखाडा भरतो. लोकवर्गणीतून इनाम दिले जाते. या लोकाश्रयावर खाशाबा वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूर संस्थानच्या मदतीने गेले आणि मातीतला हा मल्ल परक्या मॅटवर सहावा आला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी प्रश्न पुन्हा पैशाचाच होता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. बँटमवेट गटात जपानचे इशी आणि सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव यांच्यापुढे खाशाबांना हार पत्करावी लागली, तरी कांस्यपदक त्यांचेच झाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. गावी परतताना शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्यांच्या उत्पन्नातून खाशाबांनी प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले. मल्लाने आपले कर्ज फेडले. देशाने मात्र आपले फेडले नाही.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि १९८३ मध्ये सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीदेखील त्यांना झगडावे लागले. निवृत्तीला पुरते दीड-दोन वर्षेही झाली नसता, वयाच्या ५८ व्या वर्षी मृत्यूने गाठले. ज्यांनी बैलगाड्या जुंपल्या होत्या त्यांना घरचे माणूस गेल्याचे दुःख झाले असल्यास नवल नाही.

त्यांच्या पदकानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर, २००१ मध्ये मिळाला. दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहास २०१० मध्ये त्यांचे नाव दिले गेले. आणि महाराष्ट्राने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडादिन म्हणून स्वीकारला. हे सारे योग्यच झाले. परंतु त्यातले काहीही पाहावयास खाशाबा नव्हते.

लाडका खेळाडू अकस्मात जातो तेव्हा रसिक हळहळतात, यात काही गैर नाही. परंतु शोकाला खर्च लागत नाही. खेळाडूला हयातीत आधार देण्यास लागतो. एका प्राचार्याने तो घर गहाण ठेवून सोसला. जे काम समाजाचे आणि शासनाचे, ते व्यक्तीच्या त्यागावर सोडून देणे परवडणारे नाही. आजही एखाद्या गावच्या आखाड्यात पुढचा खाशाबा इनामाच्या नारळावर घाम गाळीत असेल. त्याच्यासाठी काय करावयाचे ते तो हयात असतानाच ठरविले पाहिजे.